गेम बदलला, एफओव्ही बदलला, झूम केलं तरी हात तोच ठेवायचा कसा: माउस सेन्सिटिव्हिटीचं पहिल्यापासून

नवीन शूटर गेम टाकला की बहुतेक जण सेन्सिटिव्हिटीचा स्लायडर अंदाजाने इकडेतिकडे सरकवतात, "हां, आता बरं वाटतंय" म्हणतात आणि मग पुढचे कित्येक दिवस नेम कधी डोक्याच्या पुढे जातो कधी मागे राहतो. हाताला एका गेममध्ये लागलेली सवय दुसऱ्या गेममध्ये नेता येते, त्यासाठी थोडं गणित लागतं आणि ते दहावीच्या भूमितीच्या पलीकडचं नाहीये. पण एक गोष्ट आधीच सांगतो, कारण हे न कळल्यामुळे लोक वर्षानुवर्षं आकडे बदलत बसतात: एफओव्ही, म्हणजे स्क्रीनमध्ये जगाचा किती अंशांचा तुकडा दिसतो तो कोन, वेगळा असेल तर सेन्सिटिव्हिटी "सगळीकडे तंतोतंत सारखी" करताच येत नाही. काय सारखं ठेवायचं ते आपण निवडायचं असतं. एका गेमची सेन्सिटिव्हिटी दुसऱ्या गेममध्ये बदलून देणाऱ्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर जे पाच-सहा पर्याय दिसतात ना, ते सगळे या निवडीचेच प्रकार आहेत.

आधी साफसफाई

गणिताला हात लावण्याआधी विन्डोजच्या माउस सेटिंगमध्ये जाऊन "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" ची टिक काढा. हे ॲक्सेलरेशन आहे, म्हणजे हात जोरात हलवला तर पॉइंटर जास्त लांब जातो आणि हळू हलवला तर कमी, मग अंतर मोजण्यात काही अर्थच उरत नाही. गेममध्ये रॉ इनपुट असा पर्याय असेल तर चालू करा, म्हणजे गेम विन्डोजला मध्ये न घेता थेट माउसचं ऐकतो. माउसच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये पण कधीकधी ॲक्सेलरेशन किंवा अँगल स्नॅपिंग (हाताची तिरकी रेष आपोआप सरळ करणं) लपलेलं असतं, तेही बंद.

मग डीपीआय एकदा ठरवा आणि विसरून जा. ८०० घ्या, १६०० घ्या, चालतं दोन्ही. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की तो कॉम्प्युटरला किती काउंट पाठवतो ते. बऱ्याच माउसवर वर डीपीआयचं बटन असतं आणि ते चुकून दाबलं जातं, तर सॉफ्टवेअरमधून एकच स्टेज ठेवून बाकीच्या उडवून टाका.

३६० चं अंतर काढणं

आता पहिलं खरं माप. गेममध्ये स्वतःभोवती पूर्ण एक गिरकी घ्यायला माउस किती सेंटीमीटर सरकवावा लागतो? याला सगळे "सेंटीमीटर पर ३६०" म्हणतात, आणि सेन्सिटिव्हिटी सांगायची हीच एक पद्धत अशी आहे की जी कुठल्याही गेममध्ये लागू पडते. "माझी सेन्स १.२ आहे" हे वाक्य गेमचं नाव आणि डीपीआय सांगितल्याशिवाय काहीच सांगत नाही.

प्रत्येक गेमचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला यॉ म्हणतात. सेन्सिटिव्हिटी १ असताना माउसच्या एका काउंटला कॅमेरा किती अंश फिरतो ते. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये तो ०.०२२ आहे. एपेक्स लेजेंड्सपण काउंटर-स्ट्राइकच्याच घराण्यातल्या सोर्स इंजिनवरून (गेमच्या मूळ सॉफ्टवेअरवरून) बनलेला असल्यामुळे तिथेही ०.०२२. व्हॅलोरंटमध्ये ०.०७. ओव्हरवॉच आणि २०१९ च्या मॉडर्न वॉरफेअरपासूनचे कॉल ऑफ ड्यूटी, यांच्यात ०.००६६.

हिशेब असा: ३६० भागिले (डीपीआय गुणिले सेन्स गुणिले यॉ), उत्तर इंचात येतं, मग २.५४ ने गुणलं की सेंटीमीटर. डीपीआय ८०० आणि सीएस २ मध्ये सेन्स १ धरा. ८०० × १ × ०.०२२ = १७.६. ३६० ÷ १७.६ = २०.४५ इंच, म्हणजे जवळजवळ ५२ सेंटीमीटर. हेच ५२ व्हॅलोरंटमध्ये हवे असतील तर ०.०७ ÷ ०.०२२ = ३.१८, म्हणून सीएसचा आकडा ३.१८ ने भागायचा, १ चं ०.३१४ झालं. एपेक्समध्ये तर सीएसचा आकडा जसाच्या तसा टाका. ओव्हरवॉच किंवा कॉल ऑफ ड्यूटीमध्ये ३.३३ ने गुणा.

गेमचा यॉ माहीतच नसेल तर फूटपट्टी आहेच. ट्रेनिंग मॅपमध्ये भिंतीवरच्या एखाद्या बारीक खुणेवर क्रॉसहेअर (स्क्रीनच्या मधली नेमाची खूण) ठेवा, माउसच्या कडेला पॅडवर खूण करा, सरळ रेषेत सरकवत परत त्याच खुणेवर या आणि अंतर मोजा. पॅड छोटा असेल तर अर्धी गिरकी मोजून दुप्पट करा, पण मग बरोबर पाठीमागे काय आहे ते आधी नीट बघून ठेवा. हे दोनतीनदा करा म्हणजे हाताची चूक कमी होते, मग स्लायडर हलवत हलवत हव्या त्या अंतरावर आणा. हॉस्टेलच्या अर्ध्या टेबलावर कीबोर्डला चिकटून माउस चालवणाऱ्यांनी ५२ चा हट्ट धरू नये, ३० ते ३५ वरसुद्धा छान खेळता येतं, फक्त जो आकडा घ्याल तो सगळीकडे तोच ठेवा.

एफओव्ही म्हणजे नक्की कुठला आकडा

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एफओव्ही म्हणजे स्क्रीनमध्ये जगाचा किती अंशांचा तुकडा दिसतोय ते. खिडकीला नाक लावून उभं राहिलात तर सगळं अंगण दिसतं आणि खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून बघितलंत तर समोरचं एकच झाड दिसतं, खिडकी तेवढीच असते. पण गेम हा कोन वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात. व्हॅलोरंट १०३ म्हणतो तो १६:९ (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) स्क्रीनवरचा आडवा कोन आहे. सीएस २ चा ९० हा जुन्या ४:३ स्क्रीनवरचा आडवा कोन आहे, १६:९ मॉनिटरवर तोच १०६.२६ होतो. माइनक्राफ्टचा ७० आणि रेनबो सिक्स सीजचा ६० ते ९० चा स्लायडर, हे उभे कोन आहेत.

म्हणून आकड्याला आकडा लावून तुलना करू नका. उभ्याचा आडवा करायचा असेल तर: उभ्या कोनाचं अर्धं करा, त्याचा टॅन काढा, १६/९ ने गुणा, उलटा टॅन घ्या, दुप्पट करा. माइनक्राफ्टचे ७० घ्या: टॅन ३५ म्हणजे ०.७००२, गुणिले १.७७८ म्हणजे १.२४५, उलटा टॅन ५१.२, दुप्पट १०२.४. म्हणजे माइनक्राफ्टचा ७० आणि व्हॅलोरंटचा १०३ जवळपास एकच दृश्य आहे, आणि ७० बघून कुणालाही वाटेल की केवढा आवळून ठेवलाय! कॅल्क्युलेटर डिग्री मोडमध्ये आहे ना ते बघा, रेडियनमध्ये असेल तर उत्तरं भलतीच येतील.

४:३ वाल्याचं १६:९ करायला पण हीच रीत, फक्त गुणक १.३३३. टॅन ४५ म्हणजे १, गुणिले १.३३३, उलटा टॅन ५३.१३, दुप्पट १०६.२६.

३६० सारखं केलं तरी वेगळं का वाटतं

आता मुद्द्याचं. मॉनिटर सपाट आहे आणि कोन गोल फिरतो, त्यामुळे गेम जगाला सपाट पडद्यावर टॅनच्या हिशेबाने पसरवतो. स्क्रीनच्या बरोबर मध्यभागी एका अंशाला किती पिक्सेल मिळतात ते एफओव्हीवर ठरतं. १९२० पिक्सेल रुंद स्क्रीनवर सीएस २ मध्ये मध्यभागी एका अंशाला साधारण साडेबारा पिक्सेल येतात. तिथेच एडब्ल्यूपी या स्नायपर रायफलचा पहिला झूम केला की साडेचौतीस. म्हणजे कॅमेरा तेवढाच फिरला तरी पडद्यावर चित्र पावणेतीनपट जास्त सरकतं, आणि डोळा तर पडद्याकडेच बघत असतो.

कॉल ऑफ ड्यूटीमध्ये हे फार स्पष्ट दिसतं कारण तिथे स्लायडर ६० ते १२० आहे. ८० वर खेळणारा उद्या १२० वर गेला आणि सेन्सला हात लावला नाही, तर गिरकी तेवढ्याच सेंटीमीटरमध्ये होईल, पण टॅन ६० भागिले टॅन ४० म्हणजे २.०६, म्हणजे मधलं चित्र आधीच्या अर्ध्याहूनही कमी वेगाने सरकताना दिसेल. लगेच वाटतं की सेन्स कमी झाली. ती कमी झालेली नसते, जग लहान दिसायला लागलेलं असतं.

मग चित्राचा वेग सारखा ठेवायचा म्हटलं तर? सेन्स २.०६ पट करावी लागेल, म्हणजे ४० सेंटीमीटरची गिरकी साडेएकोणीस सेंटीमीटरवर येईल. नेम धरताना ओळखीचं वाटेल, पण मागून कुणी आलं आणि झटकन वळायला गेलात की दुप्पट वळाल. एक जुळवलं की दुसरं सुटतं ते असं, आणि याला कुठलाही कॅल्क्युलेटर औषध देऊ शकत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. झूम न करता, म्हणजे हिपफायरला, ३६० चं अंतर सारखं ठेवा. वळणं, कोपरे तपासणं, पळता पळता मागे बघणं, हे सगळं हाताच्या अंतरावर बसलेलं असतं आणि ते मोडलं की माणूस हरवून जातो. गेमागेमांतला फरकही सहसा फार नसतो, सीएस २ आणि व्हॅलोरंटमध्ये चित्राच्या वेगाच्या हिशेबाने फक्त सहा टक्क्यांच्या आसपासचा (०.३१४ च्या जागी ०.२९६ येईल), तो एक-दोन संध्याकाळी खेळलं की हातात बसतो. आणि जिथे एफओव्हीचा स्लायडर मोकळा आहे तिथे सेन्स बदलण्याऐवजी एफओव्हीच आपल्या मुख्य गेमच्या जवळ आणा ना, सगळ्यात सोपा उपाय तोच आहे आणि लोक तो सोडून बाकी सगळं करतात.

झूमचं गणित

स्कोपमध्ये मात्र ३६० धरून बसू नका. स्कोपमधून कुणी गिरकी घेत नाही. तिथे एफओव्ही इतका आवळलेला असतो की ३६० तेच ठेवलं तर क्रॉसहेअर नुसता उडतो. इथे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता फोकल लेंथ, याला शून्य टक्के मॉनिटर डिस्टन्स पण म्हणतात. पडद्याच्या मध्यभागी चित्र ज्या वेगाने सरकतं तो वेग झूमच्या आधी आणि नंतर सारखा ठेवायचा. सूत्र सोपं आहे: झूमच्या अर्ध्या एफओव्हीचा टॅन भागिले साध्या अर्ध्या एफओव्हीचा टॅन. दोन्ही एफओव्ही एकाच पद्धतीने मोजलेले हवेत, एक आडवा आणि एक उभा घेतलात तर सगळं गेलं.

दुसरा रस्ता, पडद्यावर एक ठरावीक अंतर निवडायचं, आणि त्या अंतरावर दिसणाऱ्या शत्रूवर क्रॉसहेअर नेताना हात झूममध्येही आणि झूमशिवायही तेवढाच हलेल असं करायचं. समजा ते अंतर स्क्रीनची कड आहे, तर कडेला दिसणाऱ्या माणसावर जायला दोन्ही वेळा सारखा हात. अर्थात त्या एका अंतरावरच ते अचूक असतं, त्याच्या आत आणि बाहेर थोडंथोडं हुकतं.

आता सीएस २ वर हे करून बघू. तिथे झूम केल्यावर गेम स्वतःच सेन्स कमी करतो, झूमचा एफओव्ही भागिले ९० या हिशेबाने, आणि त्याला झूम सेन्सिटिव्हिटीच्या आकड्याने गुणतो. एडब्ल्यूपीच्या पहिल्या झूमचा एफओव्ही ४०, म्हणजे ४० ÷ ९० = ०.४४४. झूम सेन्सिटिव्हिटी १ ठेवली की हाच गुणक लागतो, आणि ही दुसऱ्या रस्त्याचीच पद्धत झाली, ४:३ स्क्रीनची कड जिथे येते त्या अंतरावर जुळवलेली, म्हणजे १६:९ मॉनिटरवर मध्यापासून कडेच्या पाऊण अंतरावर. फोकल लेंथने हवं असेल तर टॅन २० भागिले टॅन ४५, म्हणजे ०.३६४. ते ०.४४४ ने भागलं की ०.८१९. हा आकडा तुम्ही सीएसवाल्यांच्या तोंडी कधीतरी ऐकला असेल, तो असा येतो. आपल्या ५२ सेंटीमीटरवाल्या उदाहरणात १ ठेवलं तर स्कोपमधली गिरकी ११७ सेंटीमीटरची, आणि ०.८१९ ठेवलं तर साधारण १४३ ची. दुसऱ्या झूमला एफओव्ही १० असतो, त्याचा बरोबर आकडा ०.७८७ येतो, पण गेममध्ये दोघांना मिळून एकच सेटिंग आहे, तर ज्या झूमवर जास्त खेळता त्याचा टाका.

व्हॅलोरंटमध्ये ऑपरेटर या स्नायपर रायफलचा पहिला झूम अडीच पट. १०३ ÷ २.५ = ४१.२ हा झूमचा एफओव्ही, सेन्सपण अडीचने भागली जाते. फोकल लेंथसाठी टॅन २०.६ भागिले टॅन ५१.५ म्हणजे ०.२९९, गुणिले २.५ केलं की ०.७४७. स्कोप्ड सेन्सिटिव्हिटी मल्टिप्लायरमध्ये हा आकडा जाईल. १ ठेवलंत तर तिथे १६:९ च्या अगदी कडेला जुळलेलं असतं. आता बघा, सीएस मध्ये १ आणि व्हॅलोरंटमध्ये १ ठेवणाऱ्याला दोन स्कोप वेगळे का वाटतात ते कळलं? एक पाऊण अंतरावर जुळवलेला, एक पूर्ण कडेवर. आकडा तोच, अर्थ वेगळा.

ओव्हरवॉचमध्ये एफओव्ही १०३ असेल तर फोकल लेंथसाठी झूम सेन्सिटिव्हिटीचे आकडे विडोमेकर या हिरोला ३७.८९ आणि ॲश या हिरोला ५१.४७. हिरोनिहाय सेटिंग वेगळं करता येतं, तर दोघींना वेगवेगळं टाका.

कॉल ऑफ ड्यूटी आणि बॅटलफील्डवाल्यांनी हे काम बरंच सोपं करून ठेवलंय आणि त्याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. कॉल ऑफ ड्यूटीमध्ये एडीएस (बंदुकीच्या साइटमधून नेम धरणं) सेन्सिटिव्हिटी टाइप "रिलेटिव्ह" करा, मग खाली मॉनिटर डिस्टन्स कोएफिशंट असतो. ० म्हणजे फोकल लेंथ. १ म्हणजे स्क्रीनच्या वरच्या-खालच्या कडेइतकं अंतर. १.३३ म्हणजे ४:३ ची कड, आधीपासून हाच असतो. १.७८ म्हणजे १६:९ ची कड. बॅटलफील्डमध्ये युनिफॉर्म सोल्जर एमिंग चालू केलं की हाच आकडा शेकड्यात असतो, ०, १३३, १७८ असा. एकदा टाकला की दोन पट, चार पट, आठ पट, सगळ्या स्कोपना गेम आपोआप हिशेब लावतो. कॉल ऑफ ड्यूटीमध्ये अजून एक बघा, एडीएस फील्ड ऑफ व्ह्यू "अफेक्टेड" आहे की "इंडिपेंडंट". अफेक्टेड असेल तर तुमच्या एफओव्हीप्रमाणे नेम धरतानाचं दृश्यही मोठं होतं. हिशेब गेम करून घेतो, पण डोळ्याला फरक खूप जाणवतो, म्हणून हे आधी ठरवा आणि कोएफिशंट नंतर.

कुठला रस्ता घ्यायचा? नवीन असाल तर शून्य. हलत्या माणसावर क्रॉसहेअर चिकटवून ठेवणं आणि बारीक दुरुस्त्या, हे सगळं मध्याच्या आसपासच होतं आणि तिथे शून्य सर्वात प्रामाणिक आहे, शिवाय कुठल्याही स्क्रीनच्या आकारावर ते अवलंबून नाही. मात्र मोठ्या झूमला ते फार जड वाटतं, विशेषतः ज्यांची गिरकी आधीच ५० च्या पुढे आहे त्यांना, आणि स्नायपरने लांबून झटका मारून टिपणारे बरेच जण १.३३ वर खूश असतात. ते चूक नाहीत. फक्त सगळ्या गेममध्ये एकच निवड ठेवा, एका ठिकाणी शून्य आणि दुसऱ्या ठिकाणी १.३३ असं करू नका, नाहीतर एवढं गणित करून हाताला काहीच मिळालं नाही.

स्ट्रेच्ड आणि अल्ट्रावाइड

सीएसमध्ये १२८० बाय ९६० स्ट्रेच्ड खेळणारे आपल्याकडे भरपूर आहेत. तिथे ४:३ चं चित्र ताणून १६:९ वर बसवलेलं असतं, त्यामुळे आडवी हालचाल १.३३ पट वेगाने दिसते, उभी तशीच. गिरकीचं अंतर बदलत नाही. काही लोक याची भरपाई म्हणून आडवा यॉ ०.०२२ चा ०.०१६५ करतात, मला ते पटत नाही कारण मग आडवं आणि उभं यांचा हाताला वेगळाच हिशेब लागतो, आणि दुसऱ्या गेममध्ये गेलात की परत सगळं बदलतं. २१:९ मॉनिटरवर बहुतेक गेम वरचं-खालचं तेवढंच ठेवून बाजूला जास्त दाखवतात, म्हणजे मध्यभागाचा हिशेब तसाच राहतो आणि शून्यवाल्यांना काहीच बदलावं लागत नाही.

टाकलेले आकडे बरोबर आहेत का ते तपासा

हिपफायरचं आधी सांगितलं तसं फूटपट्टीने. झूमसाठी ट्रेनिंग मॅपमध्ये भिंतीसमोर उभे राहा आणि हललं-सरकलं नाही असं बघा. कोएफिशंट १.३३ चं तपासायचं असेल तर झूम न करता ४:३ च्या कडेवर, म्हणजे १९२० च्या स्क्रीनवर मध्यापासून ७२० पिक्सेलवर येणारी एखादी खूण शोधा, त्यावर क्रॉसहेअर नेताना माउस किती सरकला ते मोजा. मग झूम करा, आता त्याच ७२० पिक्सेलवर दुसरी खूण येईल, तिच्यावर न्या आणि मोजा. दोन्ही अंतरं सारखी आली पाहिजेत. शून्यवाल्यांनी हेच मध्याजवळ, साधारण शंभर पिक्सेलच्या आतल्या खुणांवर करा, अंतर फार छोटं असल्यामुळे डीपीआय तेवढ्यापुरता खाली आणलात तर फूटपट्टीवर नीट वाचता येतं, नंतर आठवणीने परत वर करा.

दोन अंतरं सारखी येत नसतील तर आधी एफओव्ही आडवा-उभा बघा, मग ॲक्सेलरेशन, मग कॅल्क्युलेटरचा डिग्री मोड, आणि मग त्या स्कोपला गेममध्ये स्वतंत्र मल्टिप्लायर दिलेला आहे का ते बघा. रिलेटिव्ह लावूनही एखादाच स्कोप वेगळा वागत असेल तर बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं, दोन पट किंवा चार पटच्या रांगेत कधीतरी जुना आकडा राहून गेलेला असतो, तो १ करा आणि परत मोजा.